कुलूप नसलेला गेम पैसे देऊन का घ्यायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत येतो, पण मुद्दा एकच असतो. तोच गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात, रुपयांत मिळतो, सेल लागला की निम्म्या किमतीत मिळतो, आणि टॉरेंटवर तर फुकटच पडलेला असतो. मग डॉलरमध्ये पैसे भरून कुठल्याशा लहान साइटवरून झिप फाइल कशाला उतरवून घ्यायची? ऑफिसातले लोक विचारतात, भावाचे मित्र विचारतात, भाच्याच्या मित्राच्या आईनेही एकदा विचारलं. चहा संपेपर्यंत जेवढं सांगून होतं तेवढं सांगते आणि बाकीचं राहून जातं. ते सगळं आज सांगून टाकते.

माझी खरेदी मुख्यतः दोन ठिकाणी असते. एक इच डॉट आयओ. लीफ कॉर्कोरन या प्रोग्रामरने ते २०१३ साली सुरू केलं. एकट्यादुकट्याने केलेले, दोघाचौघांनी मिळून केलेले असे असंख्य गेम तिथे आहेत. दुसरं गॉग. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालतील असे करून विकायला ते काढलं. आता तिथे नवेही मिळतात. गॉगला अगदी लहान म्हणता येणार नाही, पण स्टीमच्या शेजारी उभं केलं तर लहानच. या दोन्ही ठिकाणी पैसे दिले की गेमची फाइल हातात पडते. ती चालवायला परत कुणाला विचारावं लागत नाही.

या विचारण्याला डीआरएम म्हणतात; मी त्यालाच कुलूप म्हणते. गेम तुमच्या हार्ड डिस्कवर असतो, पण सुरू होण्याआधी तो कंपनीच्या सर्व्हरला किंवा दुकानाच्या अ‍ॅपला विचारतो, की या माणसाकडे परवाना आहे का? उत्तर ‘हो’ आलं तर चालतो. उत्तर द्यायला कुणी उरलंच नाही, तर तुम्ही दिलेल्या पैशांचा काही उपयोग नाही. ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला होता. अख्ख्या अमेरिकेचा आटोपशीर नकाशा होता त्यात, आणि एकट्याने खेळायची मोठी कथाही. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा त्याबरोबर गेला. डिस्क विकत घेऊन कपाटात ठेवणाऱ्यांचीही तीच गत. यावरूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली आणि युरोपात ‘विकलेले गेम चालू स्थितीत ठेवा’ या मागणीवरच्या सह्या जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या पुढे गेल्या. गेमसाठी इतक्या लोकांनी सरकारी अर्जावर सह्या केल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदा झाला, की परवाना देत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणताना तसं स्पष्ट सांगा. तो जानेवारी २०२५ पासून लागू झाला. स्टीमने त्याआधीच, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, आपल्या कार्टमध्ये एक ओळ टाकली: तुम्ही घेताय तो परवाना आहे. जी वस्तू कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला या कायद्यातून सूट आहे. म्हणजे मी ज्याला ‘विकत घेणं’ म्हणते आणि बाजार ज्याला ‘विकत घेणं’ म्हणतो, यातला फरक कायद्यालाही दिसला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण या विषयावर बोलताना लोक भरात जास्त बोलून जातात. कागदोपत्री गॉगवरही परवानाच मिळतो. मला तो गेम पुढे विकायचा हक्क मिळत नाही, प्रती काढून वाटायचाही नाही. आणि स्टीमवरचे सगळेच गेम कुलूपबंद नसतात; काहींचं फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवलं तरी ते चालतात. पण ते कुठले, हे स्टीमच्या पानावर लिहिलेलं नसतं. गॉगवर तो दुकानाचा नियमच आहे. इचवर बहुतेक वेळा तसंच असतं, तरी पान वाचून घ्यावं, कारण काही विक्रेते तिथे फाइलऐवजी नुसता स्टीमवर टाकायचा कोड देतात.

आता माझ्या घरातलं सांगते. आमचं गावचं घर कोकणात आहे. पावसाळ्यात तिथे वीज जाते, वीज आली तर टॉवर गेलेला असतो, आणि दोन्ही असले तरी नेटचा वेग इतका, की मेसेजमधला फोटो उघडेपर्यंत भात शिजावा. भाचा सुट्टीला आला की माझा जुना लॅपटॉप त्याचा होतो. ज्या गेमना लॉगिन लागतं ते तिथे अडून बसतात. ऑफलाइन मोड असतो, पण तो नेट असताना आधी लावून ठेवावा लागतो, आणि सुट्टीच्या गडबडीत ते लक्षात कोण ठेवणार? गॉगचा इन्स्टॉलर मात्र पेनड्राइव्हवरून चढवला की झालं. इचच्या झिपला तर बहुधा इन्स्टॉलरही लागत नाही. फोल्डर उघडायचं, डबल क्लिक करायचं, खेळायचं.

त्याने तिथे सगळ्यात जास्त खेळलेला गेम म्हणजे ‘अ शॉर्ट हाइक’. कॅनडाच्या अ‍ॅडम रॉबिन्सन-यू याने तो जवळपास एकट्याने केला, २०१९ मध्ये. क्लेअर नावाचं पाखरू मावशीकडे डोंगरावरच्या उद्यानात राहायला आलेलं असतं. एका फोनची वाट बघत असतं, पण फोनला रेंज नसते. रेंज मिळवायची तर शिखरावर जायला हवं. वाटेत सोनेरी पिसं मिळतात. जितकी पिसं जास्त, तितकं उंच चढता येतं. घाई करणाऱ्याला दोनेक तासांत संपवता येतो, पण माझा भाचा मासे पकडत, दुसऱ्या पाखरांशी गप्पा मारत, उंचावरून उडी टाकून तरंगत खाली येत तासन् तास तिथेच रमतो. शिखरावर कुणाचा फोन येतो ते मी सांगत नाही. त्याने तो फोन ऐकला आणि उठून स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसला, एवढंच सांगते.

याच गेमवरून त्याने मला तो प्रश्न विचारला, जो मोठी माणसं विचारत नाहीत. “आत्या, याला कुलूपच नाहीये. मग मी पेनड्राइव्हवर घालून वर्गात सगळ्यांना देऊ?” द्यायला कोण अडवणार होतं? कुणीच नाही. मी त्याला म्हटलं, “देता येईल रे. पण ज्याने हा केला त्याने तुझ्यामागे पहारा बसवला नाही, कारण त्याला वाटलं की तू त्याचं नुकसान करणार नाहीस. मित्रांना घरी बोलाव, इथे बसून खेळू देत. ज्याला खूपच आवडेल त्याला वाढदिवसाला आपण घेऊन देऊ.” दोघांना तसा घेऊन दिला. दोन्ही दुकानांत भेट म्हणून विकत घ्यायची सोय आहे.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे. कुलूप लावलेल्या गेमचे पैसे मी दिले काय आणि दुसऱ्या कुणी दिले काय, कुलपाला फक्त ‘हो’ की ‘नाही’ एवढं कळतं. बिनकुलपाच्या गेमचे पैसे देते तेव्हा ते कुणी भाग पाडलं म्हणून देत नाही. तो फुकट मिळवणं मला सहज शक्य असतं, विकणाऱ्यालाही ते माहीत असतं, आणि तरीही तो फाइल माझ्या हाती देतो. त्या भरवशाला मला जागायचं असतं. आमच्या पिढीने गेम बघितले ते फूटपाथवरच्या सीडींवर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळायच्या. गेम कुणीतरी तयार करतं, त्याला घरभाडं भरायचं असतं, हा विचार त्या ढिगात कुठे नव्हताच. माझ्या भाच्याच्या डोक्यात तो असावा असं मला मनापासून वाटतं, आणि कुलूप लावून तो शिकवता येणार नाही.

हा भरवसा वाया जातो का? काही वेळा जातो. मे २०१० मध्ये वुल्फायर गेम्सने पहिला ‘हम्बल इंडी बंडल’ काढला. (इंडी म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय, स्वतंत्रपणे केलेले गेम.) ‘वर्ल्ड ऑफ गू’, ‘अ‍ॅक्वेरिया’ असे गेम एकत्र, डीआरएम नाही, किंमत तुम्ही ठरवाल ती. एक सेंट दिला तरी चाले. तरीही उतरवून घेणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा एक सेंटही न देता घेऊन गेला, असा वुल्फायरचा अंदाज होता. त्यांनी यावर विचार केला आणि कुलूप न लावायचं ठरवलं, कारण त्याचा त्रास पैसे देणाऱ्यांनाच झाला असता. विक्री बारा लाख डॉलरच्या वर गेली. लिनक्सवर खेळणाऱ्यांनी सरासरी विंडोजवाल्यांपेक्षा बरेच जास्त पैसे दिले. ज्यांच्यासाठी एरवी फारसं कुणी गेम काढत नव्हतं, त्यांनी हात सैल सोडला. आणि दहा लाखांचा टप्पा ओलांडल्यावर त्यातल्या काही गेमचा सोर्स कोडही, म्हणजे मूळ प्रोग्रामही, निर्मात्यांनी खुला केला.

पैशांचा हिशेबही सांगते, कारण ‘डॉलर कशाला’ हा प्रश्न खरा आहे. स्टीम साधारणपणे विक्रीतले तीस टक्के ठेवतं. एखाद्या गेमची कमाई एक कोटी डॉलरच्या पुढे गेली की पुढच्या विक्रीवर पंचवीस टक्के, पाच कोटींच्या पुढे वीस टक्के. म्हणजे आधीच भरपूर खपलेल्याला सवलत, आणि घरात बसून एकट्याने काम करणाऱ्याला पूर्ण तीस. इचवर दुकानाला किती द्यायचं ते विक्रेता ठरवतो. मुळात दहा टक्के असतात, वाटलं तर शून्य. आठ डॉलरच्या गेमवर एकीकडे दोन डॉलर चाळीस सेंट कापले जातात, दुसरीकडे ऐंशी सेंट. पेमेंटचा खर्च वेगळा. शिवाय इचवर पैसे भरताना रकमेच्या चौकटीत आकडा वाढवताही येतो. आवडलेल्या माणसाचा दुसरा गेम घेताना मी तो वाढवते.

भारतातून घेताना थोडी खटपट पडते, ती लपवत नाही. इचवर रुपयांत किंमत नसते आणि यूपीआय चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांसाठी सुरू असतात, त्यामुळे बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार आधी चालू करावे लागतात. मी मर्यादा अगदी कमी ठेवते आणि खरेदी झाली की ते परत बंद करते. परकीय चलनाचा आकार बँक वर लावते, तो धरूनच किंमत समजावी. अशा फाइलवरून चढवलेल्या गेमचे अपडेट आपोआप येत नाहीत, नवी आवृत्ती स्वतः उतरवावी लागते. सेव्ह केलेला खेळ एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचा तर फाइल शोधून कॉपी करावी लागते. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा गेम असेल तर मी स्वतःही स्टीमवरच घेते, कारण माणसं तिथे आहेत. जो गेम एकट्याने, घरच्या खुर्चीत बसून खेळायचा आणि जपून ठेवायचा, तो मात्र इथून.

“पण लहान दुकानच बंद पडलं तर?” हा त्यानंतरचा ठरलेला प्रश्न. पडू शकतं. देसूरा नावाचं इंडी गेमचं दुकान होतं, त्याची मालक कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. डिसेंबर २०२४ मध्ये एका खेळण्यांच्या ब्रँडच्या वतीने गेलेल्या तक्रारीवरून इचचं डोमेनच, म्हणजे साइटचा पत्ताच, काही तास बंद झालं होतं. जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावाखाली इचने प्रौढांसाठीचे हजारो गेम एका रात्रीत शोधातून काढले, आणि त्यांच्या निर्मात्यांना आधी कळवलंही नव्हतं. ते मला मुळीच पटलं नाही. लहान दुकान दुसऱ्याच्या मर्जीवर किती अवलंबून असतं, ते त्या दिवसांत दिसलं.

म्हणून पैसे भरले की मी त्याच दिवशी फाइल उतरवते. गॉगवर ‘ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर’ या नावाखाली ती मिळते. मोठा गेम असेल तर तुकड्यांत असते आणि सगळे तुकडे घ्यावे लागतात. इचवर विंडोज, मॅक आणि लिनक्सच्या झिप वेगवेगळ्या असतात. आज लागत नसल्या तरी मी असतील तेवढ्या घेते. मग वायफाय बंद करून गेम एकदा सुरू करून बघते. चालला की बाहेरच्या हार्ड डिस्कवर त्या गेमच्या नावाचं फोल्डर करते, आत आवृत्तीचा क्रमांक टाकते आणि पावतीची ईमेल पीडीएफ करून शेजारी ठेवते. दुसरी प्रत भावाकडच्या डिस्कवर असते. पुढच्या वेळी भेटलात की डिस्क घेऊन येते. कुठला गेम आधी खेळायचा ते तुम्हीच बघून ठरवा, आणि आवडला तर तो कुठे मिळतो तेही तिथेच लिहून ठेवलेलं आहे.