शिकागोची मोनॅडनॉक इमारत : पाहायची असेल तर उत्तरेचाच भाग पाहा

'सोळा मजले, निव्वळ विटांवर उभे, आत सांगाडा नाही' एवढं वाचून मोनॅडनॉक पाहायला निघणार असाल, तर आधी हे वाचा. ती माहिती अर्धवट आहे आणि तिच्यामुळे लोक चुकीच्या अर्ध्या भागाचे फोटो काढून परततात.

ही बांधकामं दोन आहेत. उत्तरेचं बर्नहॅम आणि रूट या वास्तुकारांचं, 1891 चं. त्याच्या बाहेरच्या भिंती खरोखर भार पेलतात, पण आतले मजले लोखंडी खांब-तुळयांवरच आहेत आणि वाऱ्याचा जोर सोसायला लोखंडी चौकटीही घातल्या आहेत. दक्षिणेचं होलाबर्ड आणि रोश या वास्तुकारांचं, 1893 चं. तिथे पोलादी सांगाडा आहे, वीट नुसती वरून चढवलेली. ओळखायची खूण सोपी: छताशी बाहेर आलेली नक्षीदार कॉर्निस दिसली की तुम्ही दक्षिणेच्या भागासमोर आहात.

भुयारी रेल्वेच्या ब्लू लाइनने जॅक्सन स्टेशनवर उतरा. वर डिअरबॉर्न स्ट्रीटवर आलात की व्हॅन ब्यूरेन स्ट्रीटकडे वळू नका, अजिबात नाही. तिथे डोक्यावरून लोकल रेल्वेचा पूल जातो. तो दर्शनी भाग आडवा कापतो, खाली अंधार असतो आणि गाडी आली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. एवढं सोसून पाहायचा तो पोलादी सांगाड्याचाच भाग. मागची फेडरल स्ट्रीट इतकी अरुंद की मान दुखते, इमारत दिसत नाही.

जॅक्सन रस्ता ओलांडून डिअरबॉर्नच्या कोपऱ्यावर तिरपे उभे राहा. डिअरबॉर्नची बाजू पूर्वेकडे असल्याने सकाळी दहा-अकराला ऊन तिरकं लागतं आणि बाहेर फुगलेल्या खिडक्यांच्या उभ्या रांगा उठून दिसतात. जॅक्सनची बाजू उत्तरेची, सावलीतच. दुपारी जाणं व्यर्थ. भिंत तळाशी सहा फूट जाड, वर जाता जाता दीड फूट. तळात ती आत वळते, माथ्याशी पुन्हा बाहेर झुकते. या वळणांसाठी विटा मुद्दाम साच्यात घडवल्या होत्या. नक्षी जवळजवळ नाहीच, आणि इमारतीचा सगळा रुबाब त्यातच आहे.

जाडी मात्र लांबून कळत नाही. त्यासाठी जॅक्सनच्या दारातून आत शिरा. शिरताना पायाखाली बघा, इथे पायरी खाली उतरते. शिकागोच्या मऊ चिकणमातीवर काँक्रीटमध्ये पोलादी तुळयांची जाळी घालून पाया भिंतींपलीकडे 11 फूट, थेट रस्त्याखाली पसरवला होता. इमारत 8 इंच खचेल असा हिशेब होता, 1948 पर्यंत ती 20 इंच खचली, म्हणूनच दाराशी ही पायरी. 1940 मध्ये भुयारी रेल्वे खोदताना पूर्वेच्या भिंतीखाली कठीण थरापर्यंत खांब उतरवावे लागले. तुम्ही आलात तीच ही रेल्वे.

आतला जिना ओतीव ॲल्युमिनियमचा. इमारतीत हा धातू वापरल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हा एक. वरचे मजले भाडेकरूंच्या कचेऱ्यांचे आहेत, विचारल्याशिवाय चढू नका. तळमजल्याचा दुकानांचा बोळ पाहायला कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळेतच जा.

जवळच ला सॅल स्ट्रीटवर रूकरी ही इमारत आहे, 1888 ची. काचेच्या छताखालचा चौक सुंदर, पाहायला काहीच त्रास नाही. ती नंतर करा.