रंगाऐवजी साखर, शेण आणि आग

बटणे, टाचण्या, पणत्या किंवा रुबिक क्यूब मांडून एखाद्या थोर व्यक्तीचा चेहरा साकारल्याच्या चित्रफिती हल्ली मोबाइलवर सतत येत असतात, आणि किती हजार नग लागले व किती रात्री जागून काढल्या याचा हिशेब त्यांच्याबरोबर हमखास दिलेला असतो. त्यामागच्या चिकाटीचे मला कौतुक आहे. पण बटणांच्या जागी टाचण्या आल्या तरी त्या चेहऱ्यात काहीच बदलणार नसेल, तर त्या साहित्याची निवड केवळ नवलाईसाठी झाली, असे म्हणावे लागते. त्यामुळे अशा कामापुढे उभे राहिले की हेच चित्र तैलरंगात काढले असते तर त्यात काय उणे राहिले असते, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो.

ब्राझीलचे विक मुनिझ यांच्या १९९६ च्या 'शुगर चिल्ड्रन' या मालिकेपुढे या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळते. कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स बेटावरील ऊसमजुरांच्या मुलांचे चेहरे त्यांनी काळ्या कागदावर साखर भुरभुरवून रेखाटले आणि त्यांची छायाचित्रे घेतली. आईबापांचे आयुष्य ज्या पिकात झिजले, त्याच्याच दाण्यांतून मुलांचे हसू उमटते. इथे साखर काढून घेतली, तर उरतात ती चांगल्या हाताची, पण साधीच व्यक्तिचित्रे.

आपल्या मुंबईचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले जितिश कल्लाट यांचे 'पब्लिक नोटिस' (२००३) मला याहूनही जास्त अस्वस्थ करते. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री नेहरूंनी केलेले भाषण त्यांनी ॲक्रिलिकच्या आरशांवर रबराच्या चिकट द्रवाने अक्षर-अक्षर लिहून काढले आणि मग ती अक्षरे पेटवून दिली. अक्षरे करपली, तापलेला आरसा वेडावाकडा झाला, आणि आता ते वचन वाचायला जवळ जावे तर स्वतःचाच विद्रूप झालेला चेहरा मध्ये येतो. गुजरातच्या दंगली होऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. जळाल्याचा आभास काळ्या रंगानेही आणता आला असता, परंतु आरसा वाकवायला आगच हवी होती.

बंगळूरुच्या शीला गौडा यांनी १९९२ च्या सुमारास तैलरंग बाजूला ठेवून शेण हाती घेतले, त्या बदलामागेही आपल्या मुंबईतील दंगलींचा संदर्भ होता. सारवणाला चालणारे, पूजेत पवित्र मानलेले आणि तरीही शहरी दालनात अनेकांना नाक मुरडायला लावणारे हे द्रव्य जेवढे बोलून जाते, तेवढे तपकिरी रंगाची नळी बोलणार नाही.

याच कसोटीवर रांगोळीबद्दल मात्र माझे मत थोडे अप्रिय आहे. दिवाळीत दादर-गिरगावकडे भरणाऱ्या व्यक्तिचित्र-रांगोळ्यांच्या प्रदर्शनांत मी आवर्जून जातो. गालावरची सावली चाळणीने पखरलेली असते, पापणीचा केस चिमटीतून सुटलेल्या एकाच रेघेचा असतो, आणि भुकटी उडू नये म्हणून कलाकारांनी पंखे बंद ठेवून ऐन उकाड्यात हे सारे केलेले असते. कौशल्य निर्विवाद आहे; परंतु रांगोळी जितकी फोटोसारखी दिसेल तितकी वाहवा अधिक, या हिशेबात भुकटीचे भुकटीपण लपवणे हेच यश ठरते. दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ते लपवावे लागत नाही.

एक तक्रार दालनांविषयीही आहे. चित्राशेजारच्या पट्टीवर पुष्कळदा नुसते 'मिश्र माध्यम' एवढेच छापलेले असते. राख आहे की काजळी, गोणपाट आहे की जुनी साडी, हे अशा चित्राच्या बाबतीत शीर्षकाइतकेच महत्त्वाचे असते. तेवढी एक ओळ छापायला फारसा खर्च येऊ नये.