मिश्र ऑर्डर

नवतपा चालू होता. दुपारी अडीचला नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामातून फोन आला. "मॅडम, गडचिरोलीच्या साध्या गाडीत इन्सुलिन चढून राहिलं ना! तुमच्या सिस्टमनंच पर्ची काढली. पाठवू का थांबवू?"

"थांबवा भाऊ. आधी खोके कोल्ड रूममध्ये हलवा."

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. बाहेर पारा ४५ ला टेकला होता. ताडपत्रीखाली काय होत असेल, या विचारानंच माझे हात गार पडले.

औषधांच्या एका वितरकासाठी ऑर्डरींची वाटणी करणारा रूट मीच अपाची कॅमल या संदेशांना वाट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर लिहिला होता. ऑर्डर एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची खूण लावलेल्या मजकुरात येते, एक्सपाथची (त्या खुणांवरून हवा तो भाग शोधणाऱ्या भाषेची) अट तिच्या आत बघते आणि साधी गाडी की शीतवाहन, ते ठरतं. अटी वरून खाली तपासल्या जातात. पहिली जी खरी निघेल, तिच्याच वाटेनं संदेश जातो.

लॉगमध्ये एकही एरर नव्हती. नेमस्पेस (एक्सएमएलमधली नावं कोणत्या गटातली, ते सांगणारी खूण) चुकला असेल असं आधी वाटलं, पण नुसत्या इन्सुलिनच्या ऑर्डरी नीट शीतवाहनात जात होत्या. मग ती ऑर्डरच उघडली. सहा आयटम, पाच गोळ्यांचे, एक इन्सुलिनचा.

माझी पहिली अट होती: आयटमचा साठवण प्रकार 'कोल्ड'शी 'नॉट इक्वल' असेल तर साधी गाडी. वाचायला अगदी बरोबर. पण एक्सपाथ तिथे एकच व्हॅल्यू बघत नाही, सगळ्या आयटमांचा संच बघतो. त्यातल्या एकालाही 'नॉट इक्वल' लागू पडलं की अख्खी अट खरी. १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासून नियम हाच आहे. "कोणीतरी आलं नाही" आणि "कोणीच आलं नाही" यांत जो फरक, तोच इथे. मला दुसरं म्हणायचं होतं, लिहिलं पहिलं. हवं होतं ते असं: कोल्डशी 'इक्वल' असलेला आयटम शोधायचा आणि त्या सगळ्या अटीला बाहेरून 'नॉट' लावायचं.

टेस्टिंगच्या माझ्या सगळ्या ऑर्डरी एकाच प्रकारच्या होत्या, नुसत्या गोळ्या नाहीतर नुसतं इन्सुलिन. खरा दुकानदार जे संपलं ते एकाच यादीत मागवतो. हे मला सुचायला हवं होतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. कोल्डची अटही मी सगळ्यांत वर नेली. पण आधी गेलेल्या मालाचं काय? रूट सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. तेवढे सगळे संदेश नव्या अटीतून पुन्हा चालवले, तेव्हा अशा सात ऑर्डरी निघाल्या. संध्याकाळी वितरकाच्या ऑफिसात बसून मी बॅच नंबर वाचत गेले आणि त्यांची माणसं दुकानांना फोन लावत गेली. सहा ठिकाणी माल तसाच होता, तो बाजूला काढून ठेवायला सांगितला. देसाईगंजच्या दुकानातून मात्र दोन व्हायल विकल्या गेल्या होत्या. "घर माहीत आहे मले, जाऊन येतो," म्हणत त्या दुकानदारानं शटर ओढलं, त्याचा आवाज आम्हाला फोनवर ऐकू आला. दोन्ही व्हायल परत आल्याचं त्यानं कळवलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते.