‘सगळ्यांना आधीच येतं’

पुण्याला आले की कोणी ना कोणी विचारतंच, “इथे कॉम्प्युटरच्या वर्गात मुली भरपूर दिसतात, मग अमेरिकेत त्या हा विषय का घेत नाहीत? त्यांना आवडत नाही का?” मी तिथे वीस वर्षांहून जास्त काळ हाच विषय शिकवते. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

आवड नाही, हे मला पटत नाही. १९४६ साली जगासमोर आलेल्या एनियाक या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरच्या सहाही मुख्य प्रोग्रॅमर स्त्रिया होत्या. १९८४च्या सुमारास अमेरिकेत या विषयाची पदवी घेणाऱ्यांत ३७ टक्के मुली होत्या. २०१०च्या आसपास उरल्या जेमतेम १८ टक्के. आणि याच काळात डॉक्टर, वकील होणाऱ्या मुली वाढत होत्या!

मधल्या काळात घरोघरी कॉम्प्युटर आला. आला तो बहुतेक मुलासाठी, आणि बसला त्याच्याच खोलीत. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या संशोधकांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या शंभरावर विद्यार्थ्यांशी बोलून हेच टिपलं. कॉलेजात येईपर्यंत मुलांचा हात बसलेला असायचा, आणि वर्गात शिकवणंही त्याच बेताने चालायचं.

इथे आमचं वेगळं होतं. १९९०च्या सुमारास आमच्या वर्गात कोणाच्याच घरी कॉम्प्युटर नव्हता. चपला बाहेर काढून एसी लॅबमध्ये शिरायचं, एका मशीनपुढे तिघातिघांनी बसायचं. चुकायचो सगळेच. आपण मागे आहोत असं वाटायला पुढे कोणी नव्हतंच.

अमेरिकेत शिकत असताना मी पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायचे. एक मुलगी वही घेऊन आली. प्रोग्रॅम अचूक होता, वर्गातल्या बऱ्याच जणांपेक्षा नेटका. तरी म्हणाली, “इथे सगळ्यांना आधीच येतं. मला उशीर झाला.” अठरा वर्षांची पोर! मी म्हटलं, “सराव कर, जमेल.” पुढच्या आठवड्यात तिने विषय सोडला. तिला आमच्या लॅबबद्दल, दाराशी पडलेल्या चपलांच्या ढिगाबद्दल सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

कार्नेगी मेलनने पुढे नवख्यांसाठी आणि शिकून आलेल्यांसाठी सुरुवातीचे वर्ग वेगळे केले. प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगला फार वजन देणं थांबवलं. १९९५ साली तिथे पहिल्या वर्षाला ७ टक्के मुली होत्या, २००० साली ४२ टक्के. पाच वर्षांत मुलींची आवड एवढी बदलते का?

पहिल्या तासाला “कोणाकोणाला कोडिंग येतं?” असं विचारून हात वर करायला लावायची तिथे पद्धत आहे. ज्यांचे हात खाली राहतात, त्यांची नजर वर्गभर कशी फिरते ते मी पाहिलंय. मी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देते. त्यावर लिहायचं आणि घडी घालून माझ्याकडे द्यायचं.