आतेशगाहला गॅसची जोडणी

अझरबैजानची राजधानी बाकूला गेलेली माणसं आधी जुन्या शहराचा कोट बघतात. आम्ही थेट सुराखानी हे उपनगर गाठलं, कारण तिथल्या आतेशगाह या अग्निमंदिरात देवनागरी शिलालेख आहेत. पाचकोनी आवार, कडेने यात्रेकरूंच्या कोठड्या, मधोमध चार खांबांची घुमटी आणि वर त्रिशूळ. दगडावर 'श्री गणेशाय नमः' दिसलं आणि कॅस्पियनच्या काठी मी ते चक्क मोठ्याने म्हटलं. त्याच लेखात विक्रम संवत १८०२, म्हणजे इसवी सन १७४५ च्या आसपासचा काळ.

बाकू ज्यावर वसलंय त्या अप्शेरॉन द्वीपकल्पात जमिनीच्या भेगांतून ज्वलनशील वायू झिरपतो. पंजाब, मुलतान, सिंधकडचे व्यापारी आणि बैरागी इथल्या ज्वाळेला ज्वालाजी म्हणून पूजत. मग १८५९ मध्ये कोकोरेव्ह नावाच्या रशियन भांडवलदाराने देवळाला खेटूनच रॉकेलचा कारखाना काढला. १८८० च्या दशकात पूजाअर्चा बंद पडली. सोव्हिएत काळात इतका उपसा झाला की १९६९ मध्ये मूळची ज्योत विझलीच. आता तिथे जळतो तो शहराच्या पाइपातून आलेला गॅस. आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे देवाला गॅसचं बिल येत असणार!"

शहराच्या दक्षिणेला बीबी-हेबतमध्ये १८४६ ची विहीर आहे. यंत्राने भोक पाडून तेल शोधलं ते इथे, पेनसिल्व्हेनियाच्या गाजलेल्या विहिरीच्या १३ वर्षं आधी. खोली जेमतेम २१ मीटर. तरी श्रेय अमेरिकेलाच मिळतं, याचा मला उगीचच राग आला.

त्यापूर्वी हाताने खणलेल्या विहिरींतून तेल उपसत. कारखान्यापर्यंत ते पिंपांत भरून गाड्यांवरून जाई. इथे तेलाचा धंदा करणाऱ्या नोबेल बंधूंनी १८७८ मध्ये पाइपलाइन टाकली, तेव्हा पोटावर पाय आलेले गाडीवान ती फोडायला उठले आणि कंपनीला पहाऱ्याचे मनोरे उभारावे लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं निम्मं तेल बाकूचं होतं. पुढे १९४२ मध्ये हिटलरच्या फौजा कॉकेशसकडे वळल्या त्याही याच तेलासाठी.

आजचं तेल मुख्यतः समुद्रातलं. ते जॉर्जियातून तुर्कस्तानातल्या जेहान बंदरापर्यंत १७६८ किलोमीटर पाइपातून जातं. त्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात आणि या पाइपलाइनमध्ये आपल्या ओएनजीसी विदेश या सरकारी तेल कंपनीचाही थोडा वाटा आहे. मावशींना हे सांगितलं, तर त्यांनी लगेच विचारलं, "मग पेट्रोल का नाही उतरत?"