कृष्णेकाठची आमची गेट-टुगेदरं

आमची दहावीची बॅच कराडची, त्यामुळे २०१६ च्या जानेवारीतलं पहिलं गेट-टुगेदर प्रीतिसंगमावरच झालं. भेळ खाता खाता एकजण बोलला, अरे ही कोयना नि कृष्णा दोघी महाबळेश्वरच्या, इतक्या लांबून वेगवेगळ्या वाटेनं येऊन इथं अगदी समोरासमोर भेटतात, आणि आपण जन्मभर हिचं पाणी पिऊन हिचा रस्ता पाहिलेला नाही! मग तिथंच ठरलं की दरवर्षी भेटायचं ते कृष्णेकाठी, पण गाव नवं.

पुढच्या वर्षी क्षेत्र महाबळेश्वर. गोमुखातली ती धार ओंजळीत घेतली आणि खरं सांगते, गळा दाटून आला, आमच्या घाटावर पूर आला की पायऱ्या गिळणारी बाई हीच का? नंतर मेणवली झालं, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट, वसईच्या लढाईनंतर आणलेली ती मोठी घंटा, फोटो भरपूर.

२०१९ ला औदुंबर. पलीकडं भुवनेश्वरीला जायला नावेत बसलो, आधी सगळे ओरडत होते पण मधल्या धारेत गेल्यावर आपोआप गप्प झाले, फक्त वल्ह्याचा आवाज आणि काठाच्या फांदीवरनं सूर मारणारा एक खंड्या. मी हात पाण्यात सोडून बसले होते, तो गारवा अजून बोटांत आहे.

त्याच ऑगस्टमध्ये महापूर आला. आमची एक मैत्रीण हरिपूरला दिलेली, तिचं घर पाण्यात गेलं, त्यामुळे २०२० चं गेट-टुगेदर तिच्याकडंच करायचं असं सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं. भिंतीवर डोक्याच्याही वर गाळाची रेघ होती. तिनं कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, भाकरी असं पोटभर जेवू घातलं आणि संध्याकाळी वारणेच्या संगमावर नेलं, पदराखालनं हळदकुंकू काढलं, पाण्यात वाहिलं. मला राहवलं नाही, म्हटलं एवढं सगळं नेलं तिनं, तुला राग नाही येत गं?

ती म्हणाली, "येतो की. पण माहेरावरनं येती ना ती, कराडातनं. किती दिवस न बोलता ऱ्हायचं?"

मग आम्ही सगळ्यांनीच चपला काढल्या आणि गुडघाभर पाण्यात अंधार पडेपर्यंत उभे राहिलो.