तुम्ही विचारलंत म्हणून: मी नुसतं ‘छान’ का म्हणत नाही

हा प्रश्न मला घरात विचारतात आणि बाहेरही विचारतात. कुणीतरी चार-पाच मिनिटांची धून बसवतं, पेटीवर, कीबोर्डवर किंवा बासरीवर वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करतं आणि मला पाठवतं. ‘ताई, जरा ऐका आणि कशी झालीय ते सांगा.’ मी ऐकते आणि सांगते. दोन दिवसांनी तिसऱ्याच माणसाकडून निरोप येतो की अहो, हौसेनं करतात लोक, त्यांना काय मैफल गाजवायचीय? ‘छान आहे’ म्हणून मोकळ्या का होत नाही तुम्ही? माझी बहीण तर विचारते, तुझ्या तोंडून दोन अक्षरं निघायला एवढी जड का जातात?

जातात जड. दर वेळी कारण अर्धवट सांगितलं जातं आणि विषय बदलतो, म्हणून आज एकदा सगळं लिहून काढते.

मी व्हायोलिन शिकवते. वाद्यावर स्वतःचं काही बसवायला किती धीर लागतो, हे मला ठाऊक आहे. गाण्याला निदान शब्दांचा आधार असतो. चाल जरा पडली तरी शब्द उचलून धरतात, ऐकणारा अर्थात गुंतलेला असतो. नुसत्या वाद्यावर काही करायचं म्हणजे ती सोय नाही. त्यामुळे ज्यानं हे धाडस केलं त्याचं मी लक्ष देऊन ऐकायचं, आणि लक्ष देऊन ऐकलंय हे त्याला कळेल असं बोलायचं, एवढं मी त्याचं देणं लागते. विशीत मी एका एकांकिकेला पार्श्वसंगीत दिलं होतं. भेटेल तो ‘छान’ म्हणाला. प्रयोगानंतर मात्र त्यातली एक ओळ कुणाला गुणगुणता येईना. का येत नव्हती ते मला फार उशिरा उमगलं. पहिल्या क्षणापासून सगळी वाद्यं एकत्र वाजत होती, मुख्य सुरावटीला श्वास घ्यायला कुठे जागाच नव्हती. ऐकणाऱ्यांमध्ये जाणकार होते. त्यांतल्या कुणीही हे सांगितलं नाही, कारण पोरगी हौसेनं करतेय.

आपल्याकडे दाद द्यायची रीत आहे, ती मला फार आवडते. बैठकीत समेवर हात वर जातो, एखादी जागा सुंदर आली की तिथल्या तिथे ‘वा’ निघते. ती वा चार मात्रा उशिरा आली तर वाजवणाऱ्याला लगेच समजतं की समोरचा ऐकत नव्हता. दाद जागेवरच पडावी लागते. म्हणून मी उत्तरात मिनिट आणि सेकंद लिहिते. एक मिनिट चाळीस सेकंदांना पंचमावरून खाली आलात तिथे मी परत मागे जाऊन ऐकलं. पुढे तीच ओळ तिसऱ्यांदा जशीच्या तशी आली तेव्हा माझं लक्ष उडालं. लोकांना यातलं दुसरं वाक्य तेवढं लक्षात राहतं. पहिलंही मीच लिहिलेलं असतं, आणि तितक्याच मनापासून.

मी वाईट बोलते, असा एक समज आहे. तो मला मान्य नाही. रेकॉर्डिंग वाईट असेल तर मी ते बाजूला ठेवते. पंख्याचा आवाज, मोबाइल पेटीच्या भात्याजवळ ठेवल्यामुळे येणारा फुसफुसाट, यांचा चालीशी संबंध नाही. हेडफोन लावून दोनदा ऐकल्याशिवाय मी काही लिहीत नाही. आणि माझ्या आवडीनिवडीबद्दलही मी बोलत नाही. मी बोलते ते, करणाऱ्याला जे हवं होतं आणि जे कानावर येतंय त्यात अंतर कुठे पडलं, त्याबद्दल. एका मुलानं धून पाठवली आणि रागाचं नाव दिलं ‘भूप’. सूर भूपाचेच, सा रे ग प ध, पण चाल सारखी वरच्या अंगात फिरत होती आणि दर ओळीला धैवतावर विसावत होती. मग तो देशकार राग झाला. पाच सूर तेच, पण वादी, म्हणजे रागातला सर्वांत महत्त्वाचा सूर, भूपात गंधार, देशकारात धैवत. त्यानं नाव दिलं नसतं तर मी अवाक्षर काढलं नसतं. मला ती धून तशीच आवडली होती. पण नाव देऊन मापपट्टी त्यानंच माझ्या हातात ठेवली होती.

कीबोर्डवाल्यांना मी एक गोष्ट हमखास सांगते आणि तीच त्यांना सर्वांत जास्त लागते. मागे तानपुऱ्याचं ॲप लावतात आणि पुढे कीबोर्डवर यमन वाजवतात. काहीतरी खटकतंय हे त्यांनाही कळतं, पण काय ते कळत नाही, म्हणून मग ते आवाज घुमवतात, मागे आणखी तारवाद्यांचा थर चढवतात. खटकत असतो गंधार. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो तो षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर असतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. कीबोर्डचा शुद्ध गंधार ४०० वर बांधलेला असतो. म्हणजे तो १४ सेंट चढा, आणि गंधार हा तर यमनचा वादी. ज्या सुरावर सगळा डोलारा उभा करायचा तोच मागच्या तानपुऱ्याशी भांडतो. काही कीबोर्डांवर एकेक सूर थोडा उतरवायची सोय असते. तेवढं केलं की चालीतला एकही सूर न बदलता ती वेगळीच वाटू लागते. आता हे सांगायचं नाही का? ‘छान’ म्हणून त्याला तसाच झगडत ठेवायचा?

तसंच बासरीचं. कीबोर्डवर बासरीचा आवाज लावून लोक मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, गंधारापर्यंत उतरतात. खऱ्या बासरीवर सहाही भोकं झाकली की मंद्र पंचम येतो, त्याच्या खाली ती फारशी जात नाही. पुढेमागे एखाद्या बासरीवाल्याकडून वाजवून घ्यायचं असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं, एवढंच माझं म्हणणं असतं.

इथवर मला माझी बाजू मांडता येते. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काही जणांना काकांची गोष्ट माहीत आहे, आणि त्यांच्या मनात तीच असते. तीही सांगते.

काका आमच्याच गल्लीतले. निवृत्तीनंतर पेटी शिकले, बरीचशी स्वतःच्या स्वतःच. एका संध्याकाळी मोबाइल घेऊन घरी आले आणि स्वतः बांधलेली एक धून ऐकवली. राग भीमपलासी, सात मात्रांच्या रूपक तालात, पण तबला नव्हता, नुसता तानपुरा आणि पेटी. सुरुवात साधीच होती. अंतऱ्याच्या शेवटी मात्र मध्यमावरून पंचमाला टेकून चाल कोमल निषादावर जाऊन थांबत होती आणि मग जरा रेंगाळून तार षड्जाला मिळत होती. ती जागा दोनदा यायची, आणि दोन्ही वेळा तो षड्ज येईपर्यंत माझा श्वास रोखलेला असायचा. हे मी त्यांना सांगितलं. ‘निषादावरची ती जागा फार सुरेख आहे,’ हेच शब्द होते माझे, आणि ते सगळ्यांत आधी बोलले होते.

मग त्यांनीच विचारलं, ‘तबल्याबरोबर वाजवता येईल का हो? गणपतीत वाजवावं म्हणतोय.’ वर्गाला साथ करणारा मुलगा तिथेच होता. त्यानं ठेका धरला, ती ती ना, धी ना, धी ना, आणि काका पेटीवर बसले. मुखडा झाला, अंतरा उठला आणि त्या निषादापाशी दोघांची फारकत झाली. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. मुलगा म्हणाला, ‘ताई, इथे सात नाहीत, आठ आहेत.’ मी मोजून पाहिलं. खरंच आठ होत्या. काकांना म्हटलं, ‘त्या आवर्तनात एक मात्रा जास्त होतेय, तेवढं बघा.’ ते हो म्हणाले आणि पेटी बंद केली.

गणपतीच्या थोडं आधी ते परत आले. मधल्या काळात तबल्याचं ॲप लावून रोज सकाळी घासलं होतं. वाजवून दाखवलं. आवर्तन न् आवर्तन चोख, सम जिथल्या तिथे. निषाद आला आणि वेळेवर निघून गेला. तबल्यावरचा मुलगा खूश झाला. मी गप्प बसले, कारण ती धून आता कुणाचीही असू शकली असती.

‘काका, आधीचं रेकॉर्डिंग कुठे आहे?’

‘काढून टाकलं. हे नीट झालं ना आता.’

‘तिथे तुम्ही थांबत होतात. ते मुद्दाम होतं का?’

‘मुद्दाम असं नाही. तिथून पटकन निघावंसं वाटायचं नाही.’

‘मग तेव्हा बोलला का नाहीत?’

‘तुम्ही चूक काढलीत, मग मी काय बोलणार?’

चूक हा शब्द मी उच्चारला नव्हता. हे मी आजही ठासून सांगेन. आठ मात्रा होत्या, रूपकात सात असतात, आणि तबल्याबरोबर वाजवायचं त्यांनीच ठरवलं होतं. मी म्हटलं, पुन्हा पहिल्यासारखं वाजवा, आपण तबल्याचं काहीतरी करू. त्यांनी वाजवलं. पुन्हा पुन्हा वाजवलं. निषादावर जास्तीची मात्रा आली, पण ते आता मोजत होते. मान किंचित हलत होती, आणि ते मोजणं सुरात ऐकू येत होतं. पहिली जागा काही परत आली नाही. गणपतीत त्यांनी सात मात्रांचीच धून वाजवली, टाळ्या पडल्या, लोक छान म्हणाले.

त्यानंतर ते माझ्याकडे यायचे थांबले असते तर कदाचित मला सोपं गेलं असतं. ते येतात. नव्या धुना घेऊन येतात आणि वाजवून झाल्यावर एकच विचारतात, ‘मात्रा बरोबर आहेत ना, ताई?’ बरोबर असतात.

तेव्हा माझा एक नियम होता की बोट ठेवायचं, उपाय सांगायचा नाही. उपाय ज्याचा त्यानं शोधावा, नाहीतर ती धून माझी होते. आता मी त्या नियमाशी भांडते. म्हणते, तबला त्या आवर्तनात थांबवता येतो, निषाद आणि षड्ज मोकळे सोडून पुढच्या मुखड्यावर पुन्हा ठेका धरता येतो, हे काकांना कुठून माहीत असणार? दोन-तीन वाटा दाखवल्या असत्या तर त्यांनी निवड केली असती. त्यावर माझ्यातलीच पूर्वीची ती बाई उत्तर देते की तू वाट दाखवली असतीस तर त्यांनी तीच धरली असती, तू सांगितलीस म्हणून. मग ती कुणाची निवड? या उत्तराला माझ्याकडे तोड नाही.

लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० मध्ये अभिप्राय देण्याची एक पद्धत घडवली. तिच्या चार पायऱ्या आहेत. आधी ऐकणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. मग कलाकारानं स्वतःचे प्रश्न विचारायचे. मग ऐकणाऱ्यांनी निखळ प्रश्न विचारायचे, ज्यांत स्वतःचं मत दडलेलं नाही असे. आणि मत द्यायचं ते शेवटी, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. मी हे वर्गात करून पाहिलं. पहिली पायरी मुलांना इतकी मानवते की कधीकधी तास तिथेच संपतो. अडतं तिसऱ्या पायरीवर. मी कितीही सरळ आवाजात विचारलं, ‘इथे थांबलास ते का?’, की मूल म्हणतं, ‘सॉरी ताई, बदलतो.’ गुरूनं एखाद्या जागेबद्दल विचारलं म्हणजे ती जागा चुकली, हे आपल्याकडे तालमीतूनच अंगात मुरलेलं असतं. तालमीत ‘पुन्हा वाजव’ एवढंच ऐकू येतं, का ते कुणी सांगत नाही. मीही तशीच शिकले, आणि त्या शिकवण्याची मी ऋणी आहे. पण ती बंदिश हातात बसवण्यासाठी होती, ज्यात बरोबर काय ते आधीच ठरलेलं होतं. काकांच्या निषादाचं बरोबर-चूक कुणीच ठरवलेलं नव्हतं.

म्हणून मी ‘छान’ म्हणायला लागू का? नाही. काकांना ‘छान’ म्हणून पाठवलं असतं तर गणपतीत सगळ्यांसमोर तबला सुटला असता आणि त्यांनी पेटी कायमची मिटली असती, असं मला वाटतं. बहीण म्हणते, तबलजीनं सांभाळून घेतलं असतं. घेतलंही असतं, कोण जाणे.

आता मी एवढंच बदललंय की ऐकण्याआधी दोन गोष्टी मागते. पहिलं रेकॉर्डिंग काही झालं तरी पुसायचं नाही, मी काही म्हटलं तरी. आणि धुनेतली कुठली जागा मी हात लावायची नाही, ते आधी लिहून पाठवायचं. काही जण लिहितात, अगदी सेकंदासकट, आणि त्यांच्याशी बोलायला मला मनापासून आवडतं. बाकीच्यांचं उत्तर येतं, ‘तसं काही नाही ताई, तुम्ही म्हणाल तिथे बदलू.’ अशांच्या धुना मी सध्या ऐकायला घेत नाही. त्यावरूनही बोलणी बसतात, आणि आता लोक तेही विचारायला लागलेत.